न दुखणाऱ्या रोगाच्या गोळ्या

दाढ दुखू लागली की माणूस रात्री-अपरात्री डॉक्टरचं दार ठोठावतो. कुष्ठरोगाचा चट्टा दुखत नाही, खाजत नाही. त्यावर चटका बसला तरी कळत नाही. अशा रोगासाठी महिनोन्‌महिने रोज गोळी घ्यायची असते. औषध फुकट आहे. जागतिक आरोग्य संघटना १९९५पासून ते जगभर मोफत पुरवते. तरीही काहींच्या गोळ्या मध्येच सुटतात आणि नोंदीत ‘रुग्ण निष्काळजी’ असं म्हणून विषय संपतो. मला हा शेरा अन्यायाचा वाटतो.

कुष्ठरोगाचा जिवाणू विलक्षण संथ आहे. एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास दोन आठवडे लागतात. पूर्वी डॅप्सोन हे एकच औषध वर्षानुवर्षं दिलं जाई. जिवाणू त्याला दाद देईनासे झाले, तेव्हा १९८१मध्ये रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन एकत्र देण्याची शिफारस झाली. साधारणपणे पाचपर्यंत चट्टे असतील तर सहा महिने, त्याहून अधिक असतील तर बारा. रिफाम्पिसिनच्या पहिल्याच मात्रेत बहुतेक जिवाणू मरतात आणि रुग्णापासून इतरांना होणारा संसर्ग लवकरच थांबतो. उरलेले महिने मागे राहिलेल्यांसाठी असतात. पण रुग्णाला यातलं काय दिसतं? चट्टा जागच्या जागी, बधिरपणाही तसाच. मेलेली नस गोळीने जिवंत होत नाही, हे त्याला आधी कुणी सांगितलेलं नसतं.

त्यात क्लोफाझिमिन हे मुळात रंगद्रव्य आहे. ते चरबीत आणि कातडीत साठतं, अंग तांबूस-काळसर होतं आणि चट्ट्यांच्या जागी हा रंग सर्वांत गडद चढतो. कालपर्यंत पदराखाली, बाहीखाली झाकला गेलेला फिकट डाग आता गावभर दिसतो. ज्या रोगाला आपल्याकडे ‘महारोग’ म्हणून गावकुसाबाहेर काढलं, त्याचं औषधच चुगली करायला लागलं, तर लग्न ठरत आलेल्या मुलीने काय करावं? औषध संपल्यावर रंग निवळतो, पण त्याला कित्येक महिने लागतात.

सगळ्यात घात करते ती ‘रिअ‍ॅक्शन’. उपचार सुरू असताना अचानक चट्टे लाल होऊन सुजतात, नव्या गाठी उठतात, ताप येतो, कोपरामागची नस ठणकू लागते. “गोळ्या बाधल्या,” असं घरचे म्हणतात आणि पाकीट कोनाड्यात जातं. खरं तर हा गोळ्यांचा दोष नसतो. जिवाणूंच्या अवशेषांवर शरीराची प्रतिकारशक्तीच तुटून पडलेली असते. अशा वेळी मूळ गोळ्या चालू ठेवून जोडीला प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड द्यावं लागतं, तेही लगेच. नाहीतर बोटं वाकडी होतात, पाऊल लुळं पडतं. म्हणजे दवाखान्यात धावायचं तेव्हाच माणूस दवाखाना सोडतो. (डॅप्सोनची खरीखुरी बाधाही असते: अंगभर पुरळ, कावीळ, रक्त कमी होणं. तेव्हा मात्र डॅप्सोन थांबवावंच लागतं. फरक ओळखायला डॉक्टरच हवा.)

पहिलं पाकीट हातात देताना रंगाची, रिअ‍ॅक्शनची आणि न जाणाऱ्या बधिरपणाची पूर्वकल्पना दिली, तर कितीतरी जणांच्या गोळ्या सुटणार नाहीत, असं मला मनापासून वाटतं. ही दहा मिनिटं औषधाचाच भाग आहेत.

पोटासाठी गाव सोडणाऱ्यांची अडचण वेगळी. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेलं कुटुंब उन्हाळ्यात परततं. फडावर असताना महिन्याचं पाकीट आणायला गावच्या आरोग्य केंद्रात कोण जाणार? अशांना जास्त महिन्यांची पाकिटं सोबत देता येतात. शिवाय बारा पाकिटं संपवायला अठरा महिन्यांची मुदत असते. सहा पाकिटं संपवून गेलेला माणूस उरलेली सहा त्या मुदतीत संपतील अशा बेताने परत आला, तर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावायचं कारण नाही; त्याच्या हातात सातवं पाकीट द्यायचं.