गर्दीत हरवण्याची सोय

खासगीपणा जपायचा म्हणून मी एकेकाळी ब्राउझरला नऊ एक्स्टेन्शन, म्हणजे छोटे जोड-प्रोग्रॅम, लावली होती. एक जाहिराती अडवायचं, एक कुकी पुसायचं, एक तर ब्राउझरचं नावच खोटं सांगायचं. बाकीच्यांची कामं आता आठवतही नाहीत. मग इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेच्या चाचणीत तो ब्राउझर तपासला. निकाल आला: अलीकडे तपासलेल्या सगळ्या ब्राउझरांत तुमचा एकमेव. तोंड लपवायला घातलेला मुखवटा असा निघाला, की तसा दुसऱ्या कुणाकडेच नव्हता.

याच संस्थेने २०१० साली सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझरांचे नमुने तपासले होते. पडद्याचा आकार, बसवलेले फॉन्ट, प्लगइन, घड्याळाचा टाइम झोन अशा निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टी एकत्र केल्या, तर त्यातले ८३.६ टक्के ब्राउझर एकमेवाद्वितीय ठरले. यालाच ब्राउझरच्या बोटांचा ठसा म्हणतात. या ठशासाठी तुमच्या संगणकावर काहीही साठवावं लागत नाही, आणि जे साठवलंच नाही ते पुसणार कसं?

कुकी, म्हणजे संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखचिठ्ठी, त्या मानाने बापडी. ती १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू माँटुली यांनी काढली, कारण पान बदललं की संकेतस्थळ तुम्हाला विसरून जाई. अडचण पुढे आली. एका पानावर दहा ठिकाणचे तुकडे असतात, आणि जाहिरात पुरवणारा तिसराच सर्व्हर त्यातून स्वतःची कुकी ठेवतो. मग जिथे जिथे त्याची जाहिरात, तिथे तिथे त्याला तुम्ही ओळखू येता. पण कुकी असते ब्राउझरच्याच ताब्यात, त्यामुळे तिला आवरणं सोपं. सफारीने मार्च २०२० पासून तिऱ्हाइताच्या कुकी सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने २०२२ मध्ये प्रत्येक संकेतस्थळाला कुकीची वेगळी बरणी दिली. क्रोमने २०२० मध्ये ‘दोन वर्षांत बंद करतो’ असं जाहीर केलं, पुढे ढकलत ढकलत २०२४ मध्ये तो बेतच सोडला. क्रोम बनवणाऱ्या गूगलची मुख्य कमाई जाहिरातींवर आहे, हे इथे ध्यानात ठेवायचं.

ठशावर दोन तोडगे आहेत. टोर ब्राउझर सगळ्यांना सारखंच दिसायला लावतो. खिडकीचं माप नेमकं कळू नये म्हणून तो पानाचा आकार ठराविक मापांतच बसवतो आणि उरलेली जागा रिकामी सोडतो. २०२३ साली आलेला मुलवाड ब्राउझर याच घडणीचा, फक्त विनंत्या मध्यस्थ संगणकांवरून फिरवणाऱ्या टोरच्या जाळ्याविना. ब्रेव्हची रीत वेगळी: तो आपल्या मोजमापांत किंचित गोंधळ मिसळतो, म्हणजे प्रत्येक संकेतस्थळाला वेगळा ठसा दिसतो. मला पहिली रीत जास्त पटते. मात्र तिथे स्वतःची सजावट करायची नाही. एक हौशी एक्स्टेन्शन चढवलं, की गर्दीतून तुम्ही पुन्हा वेगळे उठून दिसता.

वेगाचा हिशेब दोन्ही बाजूंनी लागतो. माग काढणाऱ्या स्क्रिप्ट अडवल्या की त्या उतरवायच्या आणि चालवायच्या नाहीत, पान चटकन उघडतं. उलट बाजूला, एकदा उतरवलेली फाइल सगळ्या संकेतस्थळांना मिळून वापरू दिली, तर तुम्ही आधी कुठे जाऊन आलात याचा सुगावा लागतो. म्हणून ब्राउझर हा साठा आता वेगवेगळा ठेवतात आणि तीच फाइल पुन्हा उतरवावी लागते. क्रोमने हे २०२० मध्ये केलं, तेव्हा त्यांच्या मोजणीत नेटवरून उतरणारा मजकूर सुमारे ४ टक्क्यांनी वाढला. एवढी किंमत मी हसत देईन. टोरचं तसं नाही. त्यातली प्रत्येक विनंती सहसा तीन मध्यस्थ संगणकांवरून वळसा घेत जाते, आणि तो वळसा दर क्लिकला जाणवतो.

वेग घड्याळाने मोजता येतो. विश्वासाला असं माप नाही. ब्राउझर हा तुमचा एकूण एक टंकलेला शब्द पाहणारा प्रोग्रॅम, तेव्हा त्याचं पोट कशावर चालतं हे विचारायलाच हवं. फायरफॉक्सच्या मोझिलाचं बहुतांश उत्पन्न गूगलला आधीपासून लावलेलं शोधयंत्र म्हणून ठेवण्याच्या करारातून येतं. २०२० मध्ये ब्रेव्ह काही क्रिप्टो बाजारांचे पत्ते टाइप करताना स्वतःच्या दलालीचा संकेत जोडतो, हे उघड झालं. कंपनीने चूक मान्य करून ते काढलं. डकडकगोच्या ब्राउझरने मायक्रोसॉफ्टच्या काही ट्रॅकरना सूट दिल्याचं २०२२ मध्ये बाहेरच्या एका संशोधकाने दाखवलं, मग तीही आवळली गेली. या यादीत सोवळं कुणीच नाही. पण चूक बाहेरच्याला पकडता येते का आणि पकडल्यावर सुधारते का, हे मी बघतो. कोड खुला असण्याचा उपयोग इथेच.

एक गोष्ट मात्र खासगीपणाच्या उत्साहात हमखास विसरली जाते. ब्रेव्ह, एज, ऑपेरा हे सगळे क्रोमियमच्याच, म्हणजे क्रोमच्या खुल्या कोडच्या, इंजिनावर चालतात. त्यात सुरक्षेचं भगदाड बुजवलं, की ते कुठे होतं हे बदललेल्या कोडवरून हल्लेखोरांनाही वाचता येतं. दोन-चार हौशी मंडळी चालवत असलेला एखादा उपब्राउझर ती दुरुस्ती तीन आठवड्यांनी उचलत असेल, तर मधले तीन आठवडे त्याचं दार उघडंच. त्यामुळे नवं नाव ऐकलं की मी आधी त्याच्या अद्ययावत आवृत्त्यांच्या तारखा बघतो, गोपनीयतेच्या घोषणा नंतर. आणि एक्स्टेन्शनही तसंच: ‘सर्व पानं वाचण्याची परवानगी’ दिली, की विश्वास ठेवायला आणखी एक तिऱ्हाईत वाढला.

माझ्याकडे आता फायरफॉक्स आहे, त्यावर जाहिराती अडवणारं एकच एक्स्टेन्शन. क्वचित गरज पडली तर टोर. खिडकी पडद्याभर ताणायची जुनी खोड मात्र गेलेली नाही, त्यामुळे टोर उघडला की पानाच्या कडेला रिकाम्या पट्ट्या दिसतात.