देर लेत्स्ते मान

देर लेत्स्ते मान (‘शेवटचा माणूस’) : एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ (१८८८–१९३१) यांनी ‘ऊफा’ या चित्रपटनिर्मिती संस्थेसाठी दिग्दर्शित केलेला जर्मन मूकपट. तो डिसेंबर १९२४ मध्ये बर्लिन येथे प्रथम दाखवण्यात आला. पटकथा कार्ल मायर यांची, छायालेखन कार्ल फ्रॉइंड यांचे असून प्रमुख भूमिका एमिल यानिंग्ज यांची आहे.

एका बड्या हॉटेलच्या वृद्ध दरवानाला वय झाले म्हणून प्रसाधनगृहात नेमले जाते आणि त्याच्या अंगावरचा झगमगीत गणवेश काढून घेतला जातो. चाळीतल्या शेजाऱ्यांत त्याला जो मान होता तो त्या गणवेशाचाच होता, हे मग उघड होते. कथा एवढीच. ती सांगण्यासाठी निवेदनपाट्यांचा (पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या पाट्यांचा) आधार जवळजवळ घेतलेला नाही, त्यामुळे शब्दांचे काम कॅमेऱ्यावर आले, आणि या चित्रपटाचे खरे मोठेपण तिथेच आहे.

त्या काळी कॅमेरा बहुधा तिकाटण्यावर खिळलेला असे. येथे तो पहिल्याच दृश्यात उद्वाहकातून (लिफ्टमधून) खाली उतरतो आणि दालन ओलांडून फिरत्या दारापाशी पोहोचतो; यासाठी फ्रॉइंड यांनी तो अंगाला बांधून सायकलीचा उपयोग केला. दरवान दारूच्या नशेत असताना त्याला दिसणारी डुलती खोली टिपण्यासाठीही कॅमेरा छातीशी बांधून ते स्वतः झोकांड्या खात फिरले. रात्री अंगणात तुतारी वाजते तेव्हा कॅमेरा वाद्याच्या तोंडापासून हवेतून दूर सरकत जातो. मूकपटात ऐकू न येणारा सूर प्रेक्षकाला असा डोळ्यांनी कळतो. या पद्धतीला जर्मन भाषेत ‘बंधमुक्त कॅमेरा’ असे नाव पडले. हलता कॅमेरा मुर्नाऊंच्या आधीही होता, मायर यांच्याच पटकथेवरील ‘सिल्व्हेस्टर’मध्ये (१९२३) छायालेखक गिडो झेबर यांनी तो वापरला होता, परंतु पात्राच्या मनाची अवस्था इतक्या सलगपणे त्याच्याकडून वदवून घेणे हे या चित्रपटाचे वैशिष्ट्य.

दुःखान्त शेवटानंतर पडद्यावर एक पाटी येते : खऱ्या आयुष्यात या म्हाताऱ्याला मरणाची वाट पाहण्यावाचून काही उरले नसते, पण लेखकाला त्याची दया आली. मग अकस्मात मिळालेल्या वारशाने दरवान श्रीमंत होतो. हा जोडशेवट मूळ कथेच्या करुणेला सैल करतो, हा आक्षेप रास्त आहे.

चित्रीकरणाच्या वेळी पुढे रहस्यपटांचे दिग्दर्शक म्हणून गाजलेले तरुण आल्फ्रेड हिचकॉक ऊफाच्याच स्टुडिओत काम करत होते आणि मुर्नाऊंचे काम त्यांनी जवळून पाहिले. मुर्नाऊ व फ्रॉइंड दोघेही पुढे हॉलिवूडला गेले.