पास हीच खूण: बास्केटबॉलमधला ‘फ्लेक्स’

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळांच्या संघांत एकाच्या घरी मराठी, दुसऱ्याच्या कन्नड, तिसऱ्याच्या उर्दू. अशा पाच जणांना धावत्या खेळात ओरडून सांगत बसण्यापेक्षा ‘फ्लेक्स’ ही हल्ल्याची ठरलेली, पुन्हा पुन्हा फिरणारी आकृती शिकवावी. कोणी केव्हा हलायचं, हे त्यात पासच सांगतो.

रिंगसमोरचा रंगवलेला आयत 4.9 मीटर रुंद असतो. त्याच्या दोन्ही कडा मधल्या रेषेकडे वाढवल्या आहेत असं धरा. उजव्या कडेवर चेंडू घेऊन ‘क’, डाव्या कडेवर ‘ख’. उजव्या कॉर्नरला ‘ग’, डाव्या कॉर्नरला ‘घ’. ‘च’ उजवीकडेच, रिंगजवळ, पण आयताबाहेर. आत रेंगाळला तर तीन सेकंदांचा नियम आहेच: हल्ला करणाऱ्याला आयतात त्याहून जास्त थांबता येत नाही.

‘क’ने ‘ख’ला पास दिला की ‘च’ स्क्रीन लावतो, म्हणजे ‘ग’च्या डिफेंडरच्या वाटेत अडसर होऊन उभा राहतो, आणि ‘ग’ ‘च’च्या खांद्याला घासून रिंगखालून डावीकडे कट मारतो, म्हणजे झटकन पळतो. ‘ख’ने आधी त्यालाच पाहायचं. तोवर ‘क’ खाली उतरून ‘च’च्या डिफेंडरला अडवतो, ‘च’ ‘क’च्या जागी वर येतो, ‘क’ कॉर्नरला जातो. ‘ग’ मोकळा नसेल तर चेंडू ‘च’कडे. आता डावीकडे स्क्रीन ‘ग’चा, कट ‘घ’चा, आणि ‘ख’ खाली उतरतो. माणसं बदलली, आकृती तीच, फक्त आरशातली. एका फेरीला चारेक सेकंद धरले, तर एका हल्ल्याला मिळणाऱ्या 24 सेकंदांत चेंडू पुढे आणूनही तीन फेऱ्या सहज बसतात.

हे चालतं ते प्रतिक्रियेच्या वेळेमुळे. दिसल्यापासून पाय हलेपर्यंत माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात, आणि स्क्रीनच्या वरून जायचं की खालून, हे ठरवायचं असलं तर जास्तच. सेकंदाला 5 मीटर धावणारा कटर 0.2 सेकंदात 1 मीटर पुढे जातो. रिंगखाली एवढं अंतर पुष्कळ झालं.

बिघडतं बहुतेक दोन ठिकाणी. स्क्रीन लागायच्या आत ‘ग’ सुटतो, मग ‘च’ त्याच्या डिफेंडरला गाठायला सरकतो आणि फाउलची शिट्टी वाजते: स्क्रीन लावणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीवर, स्थिर हवेत. ‘ग’ने आधी उलट दिशेला एक-दोन पावलं टाकावीत, डिफेंडर ओढला जातो. दुसरं म्हणजे दोन्ही गार्ड, म्हणजे ‘क’ आणि ‘ख’च्या जागांवरचे दोघे, हळूहळू जवळ येतात आणि एकच डिफेंडर दोघांना सांभाळतो. सिमेंटच्या कोर्टवर खडूने कडा वाढवून घ्या. खानापूरच्या पावसाळ्यात कोर्ट बंद पडलं तरी हीच आकृती शाळेच्या हॉलमध्ये, रिंगशिवाय, चालत चालत पाठ होते.

हुशार संघ ‘क’कडून ‘ख’कडे जाणारा पासच तोडायला बघतो. तेव्हा ‘ख’ने चेंडूकडे एक पाऊल टाकावं आणि डिफेंडरच्या पाठीमागून थेट रिंगकडे पळावं.