जुन्नर उलटं बघावं

जुन्नरची एक दिवसाची सहल बहुतेक जण शिवनेरीपासून सुरू करतात. मग लेण्याद्री, आणि उजेड उरलाच तर नाणेघाट. इतिहास मात्र नेमका उलटा घडला. आधी घाट, मग लेणी, किल्ल्याचं नाव गाजलं ते फार नंतर.

सातवाहनांची राजधानी पैठण, बंदरं सोपारा आणि कल्याण, मध्ये सह्याद्री आडवा. तो ओलांडायला कातळातून काढलेली वाट म्हणजे नाणेघाट. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता असं सांगतात. फोटोंची गर्दी तिथेच असते. खरा ऐवज जवळच्या गुहेत आहे.

गुहेच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत मोठा लेख आहे. तो सातवाहन राजा पहिला सातकर्णी याची राणी नागनिका हिचा मानतात; काळ साधारण इ. स. पूर्व पहिलं शतक. अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची नावं आणि त्यामागोमाग दक्षिणेचा हिशेब : १७०० गायी, १० हत्ती, २४,४०० कार्षापणं, म्हणजे तेव्हाची नाणी. राजघराण्याची प्रशस्ती, पण थाट वाण्याच्या चोपडीचा! आकडे लिहायची रीत तर बघण्यासारखी. त्यात शून्य नाही. हजाराचं एक चिन्ह, शंभराच्या चिन्हाला सात जोडून सातशे, ही दोन शेजारी मांडली की १७००. आपल्याकडच्या सर्वांत जुन्या कोरीव आकड्यांत हे मोडतात. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्याचा मूळपुरुष सिमुक, सातकर्णी, नागनिका यांच्या मूर्ती होत्या. आता वर नावं आहेत आणि खाली पावलांच्या खुणा.

घाट वाहता होता म्हणून जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी खोदली गेली. लेण्याद्रीचा गिरिजात्मज गणपती बसलाय तो सातव्या लेण्यात, म्हणजे मुळात बौद्ध भिक्षूंच्या विहारात, त्यांच्या निवासात. त्याला लागूनच सहावं लेणं, चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह. दर्शनाच्या रांगेतली माणसं तिकडे सहसा वळत नाहीत. तिथल्या लेखात दाता म्हणून नाव आहे कल्याणच्या सुलसदत्ताचं. घाटाखालच्या माणसाचा पैसा घाटमाथ्यावर असा लागला.

शिवनेरी शिवजन्मामुळे, १६३० पासून, सर्वतोमुखी झाला. त्याच्या कड्यांतही बौद्ध लेणी आहेत, पण सात दरवाजे चढणाऱ्यांचं लक्ष वर असतं. जुन्नरच्या लेण्यांतल्या दात्यांत यवनही आहेत. यवन म्हणजे तेव्हा पश्चिमेकडून आलेले ग्रीक वळणाचे लोक. त्यांच्यातल्या चिट नावाच्या एकाने भिक्षुसंघाला चक्क भोजनमंडप दिला.