मरुवनस्पती

पाण्याचा दीर्घकाळ तुटवडा, तीव्र ऊन आणि कोरडी हवा अशा परिस्थितीत तग धरून पुनरुत्पादन करू शकणाऱ्या वनस्पतींना मरुवनस्पती म्हणतात. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ यूजेनियस वार्मिंग यांनी १८९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पाण्याशी असलेल्या संबंधावरून वनस्पतींचे गट पाडले आणि तेव्हापासून हा गट अभ्यासात स्थिरावला. या वनस्पती केवळ वाळवंटातच आढळतात असे नाही. उघड्या कातळावरचे गवत किंवा झाडाच्या फांदीवर मुळे रोवून वाढणारी आमरी (ऑर्किड) यांच्यासमोरही पाणी टिकवण्याचा तोच प्रश्न असतो.

या प्रश्नाचे मूळ पानावरील सूक्ष्म पर्णरंध्रांत आहे. प्रकाशसंश्लेषणासाठी लागणारा कार्बन डायऑक्साइड ज्या वाटेने आत येतो, त्याच वाटेने पानातील पाण्याची वाफ बाहेर पडते. रंध्रे मिटली तर पाणी वाचते, पण अन्ननिर्मिती थांबते. माती कोरडी पडू लागली की वनस्पतीत ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते आणि त्याच्या प्रभावाने रंध्रांच्या दोन्ही कडांच्या रक्षक पेशी रंध्रे मिटवतात. ही सोय बहुतेक सर्व वनस्पतींत असते. मरुवनस्पतींनी तिला रचनेची जोड दिली आहे. कण्हेरीच्या पानाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास वरच्या बाजूस जाड उपत्वचा (मेणचट आवरण) व तिच्याखाली बाह्यत्वचेचे अनेक थर दिसतात, तर रंध्रे पानाच्या खालच्या बाजूस, केसांनी भरलेल्या खोलगट खळग्यांत दडलेली असतात. त्या खळग्यांत दमट हवा कोंडून राहते आणि बाष्पोच्छ्वास मंदावतो. बाभळीची पाने बारीक पर्णिकांत विभागलेली असतात. लहान पाते मोठ्या पात्यापेक्षा हवेला उष्णता लवकर देते, त्यामुळे ते फारसे तापत नाही.

याहून मूलगामी उपाय म्हणजे रंध्रे रात्री उघडणे. पानफुटी, घायपात आणि बहुतेक कॅक्टस रात्रीच्या गारव्यात कार्बन डायऑक्साइड घेतात, तो मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींच्या रिक्तिकांत, म्हणजे द्रवाने भरलेल्या पोकळ्यांत, साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून त्याच साठ्यावर प्रकाशसंश्लेषण करतात. या प्रक्रियेची एक आरंभीची नोंद भारतातली आहे. मद्रास इलाख्यात काम करणाऱ्या बेंजामिन हाइने यांनी पानफुटीचे पान निरनिराळ्या वेळी चाखून पाहिले. ते सकाळी चुक्यासारखे आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे किंचित कडवट लागते, असे त्यांचे निरीक्षण १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. निव्वळ जिभेवर विसंबून केलेले हे निरीक्षण आजही बरोबर ठरते. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना गहू-भातासारख्या वनस्पती साधारण ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमावतात, ज्वारी-बाजरीच्या गटातील वनस्पती २५० ते ३००, तर रात्री रंध्रे उघडणाऱ्या वनस्पती केवळ ५० ते १०० ग्रॅम. मात्र आम्ल साठवण्याची जागा मर्यादित असल्याने त्यांची वाढ बहुधा संथ असते.

मांसल, हिरव्या खोडाचे कॅक्टस मूळचे अमेरिकेतील. आफ्रिका व भारतातील निवडुंगाच्या अनेक जाती दिसायला तशाच असल्या, तरी त्या एरंडाच्या कुळातील आहेत. दोघांचा निकटचा संबंध नाही. सारख्या अडचणीतून सारखी रचना स्वतंत्रपणे घडल्याचे, म्हणजे अभिसारी क्रमविकासाचे, हे ठळक उदाहरण होय. ओळख सोपी आहे: निवडुंगाला खरचटले की पांढरा चीक येतो, फड्या निवडुंगातून तसा येत नाही, कारण लोकव्यवहारात निवडुंग म्हटला जात असला तरी फड्या हा खरा कॅक्टस आहे.

मुळांच्या बाबतीत दोन टोके दिसतात. ॲरिझोनातील सग्वारो कॅक्टसची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या थरात दूरवर पसरतात आणि थोडक्या सरीचे पाणीही टिपतात. त्याच प्रदेशात वेड्या बाभळीच्या प्रजातीतील एका झाडाचे मूळ ५३ मीटर खोलीवर आढळले आहे. राजस्थानातील खेजडी, म्हणजे आपली शमी, खोलवरच्या ओलाव्यामुळे ऐन उन्हाळ्यातही पालवते. अल्पायुषी वनस्पती मात्र दुष्काळाला तोंडच देत नाहीत. पावसानंतर काही आठवड्यांत रुजून, फुलून त्या बीजरूपाने मातीत राहतात.

पूर्ण वाळूनही न मरणाऱ्या वनस्पती हा सर्वांत विलक्षण प्रकार होय. यांच्या पेशींतील बहुतेक पाणी निघून जाते, तेव्हा सुक्रोजसारख्या शर्करा उरलेला द्रव काचेसारखा घट्ट करून पेशीपटल व प्रथिने शाबूत राखतात, आणि पाऊस पडताच काही तासांत ते दिवसांत पाने पुन्हा हिरवी होतात. पश्चिम घाटातील सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, ट्रायपोगॉन या गवताच्या जाती अशाच वाळून उभ्या असतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील संशोधकांनी पश्चिम घाटातून अशा ६२ जाती नोंदवल्या असून त्यापूर्वी तेथून केवळ नऊ ज्ञात होत्या. यांतील बहुतेक कातळावर वाढणाऱ्या असल्या, तरी काही अंशतः सावलीच्या जंगलात, झाडांच्या खोडांवरही सापडतात.