मृत्युपत्राचे साक्षीदार : 'समक्ष' म्हणजे नक्की कोणासमोर?

दोन साक्षीदार लागतात हे सगळ्यांनाच माहितीये, पण दोघं एकाच वेळी हजर हवेत का, इथे गाडी अडते, आणि हा घोळ बराच जुना आहे.

1677 च्या इंग्लिश कायद्यात जमिनीच्या मृत्युपत्राला तीन-चार साक्षीदार लागायचे आणि त्यांनी करणाऱ्याच्या समक्ष सही करायची. समक्ष म्हणजे किती जवळ? 1781 च्या एका केसमध्ये एक बाई वकिलाच्या ऑफिसात सही करून, आत फार गरम होतंय म्हणून बाहेर आपल्या घोडागाडीत जाऊन बसल्या, साक्षीदार आत सह्या करत होते आणि तेवढ्यात गाडी मागे सरकून ऑफिसच्या खिडकीसमोर आली. त्यांना आतलं दिसू शकत होतं, तेवढ्यावर मृत्युपत्र टिकलं! 1837 ला साक्षीदार दोनच ठेवले, पण करणाऱ्यानं सही करताना किंवा ती आपली म्हणून सांगताना दोघं एकदम समोर पाहिजेत.

आपल्याकडे 1865 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानं ही एकदमची अट सरळ काढून टाकली, मला तर हे फार शहाणपणाचं वाटतं, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे एक जण सकाळी आणि दुसरा संध्याकाळी येऊ शकतो. हिंदूंना हे नियम आधी 1870 पासून बंगाल आणि मुंबई-मद्रास शहरांपुरते, आणि सगळीकडे 1 जानेवारी 1927 पासून लागले. त्याआधी बाकी ठिकाणी तोंडी सांगितलेलंही चालायचं, मुस्लिमांना आजही चालतं. 1925 च्या उत्तराधिकार कायद्याच्या कलम 63 मध्येही साक्षीदारांनी वेगवेगळ्या वेळी येण्याची सवलत तशीच आहे.

खरी अडचण पुढे कोर्टात येते. पुराव्याच्या कायद्यानुसार एक साक्षीदार तपासला तरी पुरतं, म्हणून लोक निर्धास्त असतात, पण 2002 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्या एकानं दुसऱ्याची सहीसुद्धा शाबित करायला हवी. आता सकाळी येऊन गेलेल्यानं संध्याकाळची सही पाहिलेलीच नसते, तो ती शाबित कशी करणार? मग दुसऱ्यालाही बोलवावं लागतं, आणि तोवर तो हयात नसला तर वारसांचे हाल. म्हणजे 1865 ला दिलेली मोकळीक पुराव्याच्या वेळी अर्धी परत घेतल्यासारखं झालं, निदान मला तरी असंच वाटतं.

म्हणूनच 'आम्ही दोघांनी एकमेकांच्या आणि मृत्युपत्र करणाऱ्याच्या समक्ष सह्या केल्या' अशी ओळ खाली घालतात, कायदा ती मागत नसला तरी.