ऑस्ट्रेलियात मित्रासोबत बाईक ट्रिप: व्हिसा, लायसन्स आणि बाईकच्या कागदांत लोक नेमके कुठे अडकतात

रूट ठरलेला असतो, सुट्टी ठरलेली असते, तिकिटांचे भावसुद्धा बघून झालेले असतात आणि मग दोघांपैकी एकाचा व्हिसा येतो, दुसऱ्याचा रिजेक्ट. किंवा दोघांचा येतो आणि तिकडे बाईक भाड्याने घेताना काउंटरवर कळतं की एकाच्या लायसन्सवर गिअरची गाडीच नाही. हे सगळं आधी टाळता येण्यासारखं आहे म्हणून जिथे गाडी अडते तेवढंच सविस्तर लिहितोय, बाकी फॉर्म भरणं तुम्हाला जमेल.

आधी व्हिसा. ॲपवर झटपट मिळणारा ईटीए म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना भारतीय पासपोर्टला लागू नाही, तो ज्या व्हिडिओत बघितलात तो दुसऱ्या देशाच्या पासपोर्टवाल्याचा असणार. आपल्याला व्हिजिटर व्हिसा, सबक्लास ६००, टुरिस्ट स्ट्रीम, इमीअकाउंटवर म्हणजे ऑस्ट्रेलियन सरकारच्या व्हिसा साइटवरच्या खात्यातून ऑनलाइन अर्ज. फी बहुतेक वर्षी १ जुलैला बदलते त्यामुळे भरायच्या दिवशी साइटवर जे दिसेल तेच खरं. या व्हिसावर काम करता येत नाही, "मधे एखाद्या शेतावर दोन आठवडे काम करून पेट्रोलचा खर्च काढू" हा विचार डोक्यातून काढा आणि अर्जात तर चुकूनही लिहू नका. वय १८ ते ३० असेल, शिक्षणाच्या अटीत बसत असाल आणि काम करत फिरायचं असेल तर त्यासाठी सबक्लास ४६२ वर्क अँड हॉलिडे आहे, २०२४ पासून भारतीयांना खुला झालाय, वर्षाला १००० जागा, पण आधी बॅलट म्हणजे नाव नोंदवून सोडत, नंबर लागला तरच अर्ज. मुदत उघडते आणि बंद होते, आणि लोक बंद झाल्यावर विचारायला येतात.

आता मित्राची गोष्ट. मित्र म्हणजे फॅमिली नाही. दोघांचे अर्ज वेगळे, फी वेगळी, आणि निर्णयही वेगळा. एकाचा पगार चांगला, त्याचं बँक स्टेटमेंट भरभक्कम, आणि दुसऱ्याने नुसतं लिहायचं की "खर्च माझा मित्र करणार आहे", इथे हमखास अडतं. मित्र खरंच खर्च करणार असेल तर त्याचं पत्र, त्याचं स्टेटमेंट, ओळख किती वर्षांची त्याचा काहीतरी पुरावा, सगळं दुसऱ्याच्या अर्जात वेगळं जोडा. "त्याच्या फाइलमध्ये आहे ना" असं चालत नाही, अधिकारी तुमची फाइल बघतो. आणि दोघांचा प्रवासाचा प्लॅन तंतोतंत जुळला पाहिजे, एकाने पर्थपासून सुरुवात लिहिली आणि दुसऱ्याने सिडनीपासून तर दोघांवर शंका येते.

अधिकाऱ्याला खरं तर दोनच गोष्टी बघायच्या असतात, पैसे कुठून येणार आणि तुम्ही परत का येणार. पंधरा दिवसांच्या ट्रिपला हे सोपं असतं, पण अख्ख्या ऑस्ट्रेलियाला चक्कर म्हणजे हायवे वन धरून साधारण १४,५०० किलोमीटर, त्याला अडीच तीन महिने लागतात, आणि तीन महिने नोकरी सोडून कोण फिरतं हा प्रश्न त्याला पडणारच. म्हणून कंपनीचं नुसतं एनओसी पुरत नाही. रजा कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत मंजूर आहे आणि त्यानंतर अमुक तारखेला कामावर रुजू व्हायचंय असं स्पष्ट लिहिलेलं पत्र घ्या, एचआर टाळाटाळ करतं पण मागे लागा. धंदा असेल तर जीएसटी, आयटीआर, आणि तुम्ही नसताना दुकान कोण बघणार ते दोन ओळीत. अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकांकडून चार लाख खात्यात फिरवून घेणं बंद करा, स्टेटमेंटमध्ये ते लगेच दिसतं. आले असतील तर कुठून आले ते कागदासह लिहा.

सातबारा जोडणारे बरेच असतात, चांगलंच आहे, गावाकडची जमीन हा परत येण्याचा पुरावा आहे. पण तो मराठीत असतो आणि मराठीतला कागद तसाच अपलोड केला तर त्याचा उपयोग शून्य. इंग्रजी भाषांतर लागतं आणि खाली भाषांतरकाराचं पूर्ण नाव, पत्ता, फोन आणि पात्रता लागते. स्वतः टाइप करून स्वतःच सही केलेली भाषांतरं बघितलीत, नका करू. आणि खोटा कागद तर अजिबात नको, पीआयसी ४०२० नावाचा नियम आहे, त्यात सापडलात तर नुसता हा अर्ज जात नाही, पुढची तीन वर्षं व्हिसा मिळणं जवळपास बंद होतं. एजंटने काय जोडलंय ते सही करण्याआधी स्वतः वाचा, उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

व्हिसा आला की तारखा नीट वाचा. व्हिसाचा स्टिकर नसतो, फक्त ग्रँट लेटर येतं, त्यात एक तारीख असते जिच्यापर्यंत तुम्ही ऑस्ट्रेलियात शिरायचं असतं, आणि वेगळी ओळ असते की प्रत्येक वेळी शिरल्यापासून किती दिवस राहता येईल. व्हिसा वर्षभराचा आहे म्हणजे वर्षभर राहता येईल असं नाही, बहुतेकांना एका वेळी तीन महिनेच मिळतात. ८५०३ ही अट लिहिलेली असेल तर तिकडे गेल्यावर मुदत वाढवायचा अर्जही सहसा करता येत नाही, तेव्हा प्लॅनमध्ये आठ दहा दिवस मोकळे ठेवा, नलारबरच्या ओसाड मैदानात मधेच चेन तुटली तर पार्ट यायलाच आठवडा जाईल. आणि व्हिसा मिळाल्यावर पासपोर्ट रिन्यू केलात तर नवीन नंबर इमीअकाउंटमध्ये अपडेट करा, नाहीतर एअरपोर्टवर चेक-इनलाच थांबवतात.

लायसन्सचा घोळ वेगळाच. आधी तुमच्या कार्डाच्या मागे बघा, एमसीडब्ल्यूजी म्हणजे गिअरची बाईक लिहिलंय का. नुसतं एलएमव्ही म्हणजे कार असेल किंवा एमसीडब्ल्यूओजी म्हणजे बिनगिअरची स्कूटर असेल तर तुम्ही इथे कितीही वर्षं बुलेट चालवलेली असो, तिकडे तुम्ही विनालायसन्स. आधी लायसन्सच्या सरकारी सारथी पोर्टलवरून तो क्लास वाढवून घ्या, त्यात शिकाऊ लायसन्स, थांबायचे दिवस, टेस्ट असं सगळं आलं म्हणजे महिना दीड महिना धरा. जुनं पुस्तकाचं लायसन्स असेल तर तेही आधी स्मार्ट कार्ड करून घ्या. मग इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, ते आपल्या आरटीओतूनच मिळतं, फॉर्म ४ए, फी १००० रुपये. कुठल्या आरटीओत व्हिसा आणि तिकीट मागतात, कुठे नाही, याला काही ताळतंत्र नाही, सगळं घेऊनच जा म्हणजे दुसरी खेप नको. नाव पासपोर्टवर आणि लायसन्सवर एकसारखं पाहिजे, आपल्याकडे एकावर वडिलांचं नाव मधे असतं आणि दुसऱ्यावर नसतं आणि त्यावरून लोक खिडकीवरून परत येतात. परमिटची मुदत वर्षभर, पण इश्यू झाल्या दिवसापासून, तिकडे उतरल्यापासून नाही. आणि ते एकटं चालत नाही, मूळ लायसन्स सोबत लागतंच.

बाईक. भाड्याने घ्यायची तर करारात कच्च्या रस्त्यावर न्यायची परवानगी आहे का तेवढं बघा, बहुतेकदा नसते. विकत घ्यायची तर गाडीचं रजिस्ट्रेशन, तिकडे रेगो म्हणतात, ते राज्याचं असतं आणि तुमच्या नावावर करायला त्या राज्यातला पत्ता लागतो, इथेच टुरिस्टचं घोडं पेंड खातं. नातेवाईकाकडे खरंच उतरणार असाल तर त्यांच्याकडून काय पुरावा चालेल ते त्या राज्याच्या साइटवर आधीच बघून ठेवा. घेण्याआधी पीपीएसआरवर, म्हणजे गाडीवरच्या कर्जांच्या तिकडच्या सरकारी नोंदवहीत, २ डॉलर भरून तपासा, कर्ज बाकी आहे का, चोरीची आहे का, सगळं कळतं. नाव बदलायला न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरियात १४ दिवस असतात, ते विकत घेतल्यापासून मोजतात, पहिला आठवडा सिडनी बघण्यात घालवू नका. सिडनीत घेतलेली बाईक पर्थला विकायची तर रेगो दुसऱ्या राज्याचा म्हणून गिऱ्हाईक भाव पाडतं, जिथे घेतली तिथेच चक्कर संपेल असा रूट आखा.

स्वतःचीच बाईक न्यायचा हट्ट असेल तर कार्नेट म्हणजे गाडी तात्पुरती परदेशात न्यायचा कस्टम्सचा कागद लागतो, त्यासाठी मुंबईतल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनकडे जावं लागतं, मोठी बँक गॅरंटी अडकते, आणि ऑस्ट्रेलियातून निघताना कस्टम्सचा शिक्का राहिला तर ती गॅरंटी धोक्यात येते. बाईक तिकडे उतरली की बायोसिक्युरिटीवाले चिखल, बिया, किडे बघतात. मडगार्डच्या आतली बाजू, एअर फिल्टरचा डबा, टायरच्या खाचा टूथब्रशने घासा, नाहीतर तेच धुतात आणि बिल तुम्हाला. ॲस्बेस्टॉसवर तिकडे २००३ च्या अखेरपासून पूर्ण बंदी आहे, जुन्या गाडीचे ब्रेक लायनर आणि गॅस्केट आधीच बदला आणि बिल जपून ठेवा.

हेल्मेट बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. नुसता आयएसआय मार्क तिकडे चालत नाही, युरोपियन मानक ईसीई २२.०५ किंवा २२.०६ चा किंवा त्यांचा स्वतःचा एएस/एनझेडएस १६९८ चा स्टिकर लागतो. ट्रॅव्हल इन्शुरन्सला मोटरसायकलचं कलम उघडून वाचा, सीसीची मर्यादा असते आणि लायसन्सचा क्लास नसेल तर क्लेम जातोच.

मधूनच ग्रेट सेंट्रल रोडने, म्हणजे लॅव्हर्टनहून उलुरूला जायचं असेल तर तो रस्ता आदिवासी समाजांच्या जमिनीतून जातो. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या बाजूचं परमिट वेगळं आणि नॉर्दर्न टेरिटरीच्या बाजूचं सेंट्रल लँड कौन्सिलकडून वेगळं, लोक एकच काढतात. दोघांची नावं दोन्हीत हवीत. त्यांची जमीन आहे, विचारूनच जायचं, वाटेत वस्त्यांमध्ये उगाच फोटो काढत हिंडू नका.

आणि विमानात मिळणाऱ्या पॅसेंजर कार्डावर खाण्याच्या प्रश्नाला "हो" वर खूण करा, बॅगेत चटणी आणि भाजणी असली तरी. सांगितलं तर फार तर ते काढून घेतात, लपवलं तर दंड होतो, प्रकरण गंभीर असेल तर व्हिसाही रद्द होऊ शकतो. आईने दिलेले पेढे घरीच खाऊन निघा, दुधाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत. चिखलाचे रायडिंग बूट असतील तर तेही डिक्लेअर करा. देशातल्या देशात वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर पुन्हा हेच, फळं, भाज्या आणि मध काढून घेतात, तेव्हा टाकीवरच्या बॅगेत सफरचंदं भरून त्या नाक्यावर जाऊ नका.